एम्प्रेस मिलची 'पब्लिक' कोण होती?

१ जानेवारी १८७७. दिल्लीत लॉर्ड लिटननं मोठा दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणी आता हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी नागपुरात, रेल्वे स्टेशनपासून जवळ, जुम्मा तलावाकाठच्या दलदलीत भर घालून उभारलेली कापड गिरणी सुरू झाली. नाव ठेवलं एम्प्रेस मिल. कागदोपत्री कंपनीचं नाव वेगळं होतं: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. ते कुणाच्याच तोंडी बसलं नाही. बसेल कसं?

गिरणीचे मालक जमशेटजी टाटा. त्यांनी गिरण्यांना दिलेली नावं एका ओळीत लिहून बघा. १८६९ साली चिंचपोकळीत अलेक्झांड्रा मिल, म्हणजे इंग्लंडच्या युवराज्ञीचं नाव. १८७७ साली एम्प्रेस. आणि १८८६ साली कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेतल्यावर तिचं नाव स्वदेशी मिल. मधल्या काळात, १८८५ साली, काँग्रेस स्थापन झाली होती. हवा बदलली तसं पाटीवरचं नाव बदललं. आजच्या भाषेत याला पोझिशनिंग म्हणतात, आणि त्यासाठी एजन्सीला पैसे मोजावे लागतात.

मी कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं आणि वार्षिक अहवाल मराठीत आणण्याचं काम करते. त्यात 'पब्लिक अफेअर्स' हा शब्द आला की माझं घोडं अडतं. 'जनसंपर्क' म्हणावं तर ते पब्लिक रिलेशन्स झालं. 'सार्वजनिक व्यवहार' म्हणावं तर बांधकाम खात्याचा वास येतो. थोडक्यात सांगायचं तर, कंपनीच्या नफ्यातोट्यात ज्यांचा थेट वाटा नाही, पण जे बिथरले तर कंपनी चालणार नाही, अशा सगळ्यांशी कंपनीचे जे व्यवहार चालतात ते पब्लिक अफेअर्स. सरकार, वर्तमानपत्रं, शेजारची वस्ती, कामगार. या यादीत पहिलं नाव कुणाचं, हे मात्र दर पिढीत बदलत गेलंय. हा बदल कसा झाला ते बघायला नागपूरसारखी जागा नाही, कारण इथे एकाच गिरणीच्या सव्वाशे वर्षांत तो जवळपास सगळा सापडतो.

*

मुंबई सोडून नागपूर का, याचं उत्तर सोपं होतं. कापूस वर्ध्याकडचा, कोळसा वरोऱ्याचा, आणि १८६७ पासून दारात रेल्वे. तरी पंधरा लाख भांडवलाच्या या कंपनीला स्थानिक पैसा मिळेना. एका मारवाडी सावकारानं 'हा माणूस मातीत सोनं पुरतोय' म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि पुढे 'मातीत माती घातली अन् सोनं काढलं' अशी कबुली दिली, ही गोष्ट जमशेटजींच्या चरित्रांतून वर्षानुवर्षं सांगितली जाते. कंपनीच्या आवडीची गोष्ट आहे, म्हणूनच ती इतकी टिकली असावी.

दुसरी एक गोष्ट मात्र त्या मानानं कमी सांगितली जाते. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, तिथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. म्हणजे सम्राज्ञीचं नाव सरकारला कळलं, सावकारालाही नंतर पटलं, पण आतल्या मागावर बसलेल्या माणसाला त्याचं काही नव्हतं.

मॅनेजर होते बेझनजी दादाभाई मेहता. जीआयपी रेल्वेतून आलेले, कापडधंद्याचा अनुभव शून्य. त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न संपापेक्षाही साधा होता: माणसं कामावर येत नव्हती. पाचातला एक कामगार कुठल्याही दिवशी गैरहजर असायचा. सण आहे, लग्न आहे, पेरणी आहे, किंवा काहीच नाही, नुसता कंटाळा आहे. (नागपूरच्या उन्हाळ्यात चाललेल्या गिरणीची कल्पना केली तर यातला कंटाळा समजायला अवघड नाही.) मुंबईच्या गिरण्यांमधला नेहमीचा उपाय दंड हा होता. नागपुरात दुसरा मार्ग घेतला गेला. नियमित येणाऱ्याला बक्षीस. वर्षाकाठी समारंभ, खेळ, कुटुंबासह आमंत्रण, आणि सगळ्यांसमोर चांदीसोन्याची घड्याळं, साखळ्या, कापडाचे तागे. १८८६ साली पेन्शन फंड. १८९५ पासून अपघात झाला तर भरपाई. कारखान्यात हवा खेळती आणि दमट राखणारी यंत्रं, आग विझवण्यासाठी छताला पाण्याचे फवारे.

कामगाराला अपघाताची भरपाई द्यावी असा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ साली झाला, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ सालचा. या तारखा शेजारी ठेवल्या की आदर वाटतो, आणि वाटायलाही हवा. पण जमशेटजी स्वतः या बाबतीत भाबडे नव्हते. १८९५ मध्ये याच गिरणीच्या विस्ताराच्या वेळी त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा, की आम्ही इतरांपेक्षा जास्त उदार आहोत असा आमचा दावा नाही. आम्ही सरळ व्यापारी तत्त्वावर सुरुवात केली, भागधारकांचं हित आपलं मानलं आणि कामगारांचं आरोग्य व कल्याण हा आमच्या भरभराटीचा पाया मानला. आजच्या अहवालांत असं वाक्य सापडत नाही. आजचा अहवाल उदारतेचा दावा आधी करतो.

मला यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. तेव्हा पब्लिक अफेअर्स नावाचं खातं नव्हतं. जो माणूस सुताचा दर ठरवत होता तोच पेन्शन ठरवत होता, तोच बक्षीस वाटत होता, आणि कलेक्टर आला तर त्याला गिरणी दाखवायलाही तोच जात होता. बोलणारा आणि निर्णय घेणारा एकच. त्यामुळे कामगार ही कंपनीची पहिली 'पब्लिक' होती. ती खूश नसेल तर दुपारपर्यंत कळायचं, चात्या थांबायच्या.

*

सरकारशी बोलायला मात्र गिरणीमालक एकटेदुकटे जात नव्हते. मुंबईत १८७५ सालीच मिलओनर्स असोसिएशन उभी राहिली होती. लँकेशायरच्या गिरण्यांचा दबाव, आयातकर, कारखान्यांवर येऊ घातलेला कायदा, अशा विषयांवर ती अर्ज-निवेदनं करत असे. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, एवढंच त्याचं धाडस. मालक म्हणत, हे इंग्लंडच्या गिरण्यांचं कारस्थान आहे. त्यात तथ्य होतं. सात वर्षांची मुलं कामाला होती यातही तथ्य होतं. हे दुसरं तथ्य सांगणारा माणूस मुंबईत होता, नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक. गिरणी कामगारांच्या सभा घेऊन, सह्या गोळा करून त्यांनी जे केलं तेही पब्लिक अफेअर्सच, फक्त उलट्या बाजूनं. १८९० साली मिळालेली रविवारची सुट्टी हे त्याचं फळ.

जमशेटजीही या कलेत कच्चे नव्हते. १८९३ च्या सुमारास चीन-जपानकडे सूत नेणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या भाड्याविरुद्ध त्यांनी जपानी जहाजकंपनीच्या साथीनं स्वतःची बोटसेवा काढली, आणि सोबत लोकमत तयार करायला पुस्तिकाही काढली. बोटसेवा टिकली नाही.

गेटबाहेरच्या पब्लिकचा खरा कस लागला तो नागपुरात नाही, पुण्याजवळ मुळशीला. १९२१ साली टाटांच्या वीजकंपनीच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. तोवर जमशेटजी जाऊन सतरा वर्षं झाली होती. जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं मिळवता येत होती. शेतकऱ्याची संमती हा त्यातला आवश्यक भाग नव्हता. जे घराणं नागपुरात गैरहजर कामगाराला घड्याळ देऊन बोलावत होतं, त्याच घराण्याच्या कंपनीपुढे मुळशीचा शेतकरी तुरुंगात गेला. माणसं बदलली म्हणून असं झालं, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कामगार आला नाही तर चाती थांबत होती. शेतकरी आला नाही तर धरण थांबत नव्हतं.

*

विशीच्या दशकात नागपुरातही बदल सुरू झाला होता. एम्प्रेस मिलनं कामगार-कल्याणाचं काम वायएमसीए या संस्थेकडे सोपवलं. वस्त्यांमधली केंद्रं, रात्रशाळा, दवाखाने, खेळ. इंदोऱ्याला जमीन घेऊन कामगारांची आदर्श वसाहत आखली गेली, कामगारानं हप्त्यानं पैसे फेडून आपलं घर बांधावं अशी कल्पना. त्या भागाला आजही बेझनबाग म्हणतात, बेझनजी मेहतांच्या नावावरून. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव कुणाचं ते ठाऊक असेल, कोण जाणे. इंदोरा पुढे आंबेडकरी चळवळीचं मोठं केंद्र झालं, तिथल्या माणसांची ओळख त्यांनी स्वतः घडवली.

१९२९ ते ३१ मध्ये व्हिटली आयोग देशभरच्या कामगारांची स्थिती बघत हिंडला, तेव्हा नागपूरचं हे काम दाखवण्याजोगं उदाहरण होतं. आणि इथेच मला पहिली फट दिसते. कल्याण आता तज्ज्ञांकडे गेलं होतं. त्यांनी ते बहुधा मॅनेजरपेक्षा चांगलं केलं. पण रात्रशाळेतल्या मास्तराला मजुरीचा दर वाढवता येत नव्हता. त्याच काळात नागपूर टेक्स्टाइल युनियन आणि तिचे नेते आर. एस. रुईकर उभे राहिले, यात मला नवल वाटत नाही. मंदीत देशभरच्या गिरण्यांत वेतनकपातीची लाट आली, तेव्हा बोलणी करायला कामगाराला समोर निर्णय घेणारा माणूस हवा होता. खेळाचं मैदान हे त्याचं उत्तर नव्हतं.

यानंतर जे झालं ते वेगानं झालं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं, आणि त्याच महिन्यात बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं हाती घेतलं. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कँटीन आणि पाचशे किंवा अधिक असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मग १९५२ चा भविष्य निर्वाह निधी. एम्प्रेस मिलनं अर्धशतकापूर्वी मर्जीनं दिलेल्या गोष्टी आता देशभरच्या मोठ्या कारखान्यांतल्या कामगाराला मागायचा अधिकार मिळाला.

ही माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात चांगली घडामोड. तिचा एक परिणाम मात्र कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. कल्याण कायद्यात गेलं, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत कारभारात गेलं. ते आता कौतुकाचं राहिलं नाही, अनुपालनाचं झालं. आणि ज्यांचं काम कंपनीच्या वतीनं जगाशी बोलणं हे होतं, त्यांचं तोंड गेटबाहेर वळलं. टाटांनी १९४३ साली मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. देशातल्या अशा पहिल्या विभागांपैकी तो एक. १९४४ च्या जानेवारीत जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आदींनी 'बॉम्बे प्लॅन' मांडला: पंधरा वर्षं, दहा हजार कोटी रुपये, स्वतंत्र देशाची अर्थव्यवस्था कशी असावी याचा आराखडा. उद्योगपतींनी भावी सरकारशी सरकार येण्याआधीच सुरू केलेलं ते बोलणं होतं. १९५८ साली या व्यवसायाची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली.

नागपूरच्या बाबतीत भूगोलानंही हात धुऊन घेतला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर राज्याची राजधानी होतं. गिरणीच्या मॅनेजरला सचिवालय टांग्यानं गाठता येत होतं. त्यानंतर फाइल मुंबईला गेली, आणि लायसन्सची फाइल दिल्लीला. परवाना, कोटा, आयात, प्रत्येकाला मंत्रालयाची सही लागायची. ज्याला कुणाच्या केबिनमध्ये केव्हा जायचं हे कळतं असा माणूस कंपनीत महत्त्वाचा झाला. पत्रिकेवर त्याचं पद काहीही असो, सगळे त्याला लायझनवाला म्हणत.

नागपूरला उरलं हिवाळी अधिवेशन. १९६० पासून डिसेंबरात सरकार इथे येतं तेव्हा पब्लिक अफेअर्सचे दोन्ही प्रकार एकाच दिवशी बघायला मिळतात. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर बॅरिकेडला अडलेले मोर्चे, अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, विनाअनुदानित शिक्षक. आणि विधानभवनाच्या आवारात गळ्यात पास घालून फिरणारी, हातात पातळ फाइल असलेली माणसं. पहिल्यांचं निवेदन मंत्र्यापर्यंत शिष्टमंडळानं जातं. दुसऱ्यांचं चहाबरोबर.

पैशाची वाटही मधूनमधून बदलत राहिली. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ साली बंदी आली, १९८५ साली ती उठली, २०१८ पासून निवडणूक रोखे आले आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवले. या वाटेचा आलेख कुठल्याच कंपनीच्या कॉफी टेबल पुस्तकात नसतो.

*

एम्प्रेस मिलचं काय झालं? यंत्रमाग स्वस्तात कापड काढू लागले, जुन्या संमिश्र गिरण्या देशभर आजारी पडल्या. १९८६ साली ती टाटांच्या हातून सुटून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद झाली. आज त्या जागेवर एम्प्रेस सिटी नावाचा मॉल आणि इमारती आहेत. नाव ठेवलंय. सम्राज्ञी गेली, गिरणी गेली, ब्रँड राहिला.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नं सीएसआर सक्तीचा केला. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून लागू. माझ्यासारखीचा चरितार्थ या कलमावर बऱ्यापैकी चालतो: शाळेला बाकं, तलावाचं खोलीकरण, शिलाई मशीन वाटप. फोटोत मागे बॅनर.

या नियमांत एक वाक्य आहे जे भाषांतर करताना मी पहिल्यांदा दोनदा वाचलं. ज्या कामाचा लाभ फक्त कंपनीच्या कर्मचाऱ्यांना होतो ते सीएसआर धरलं जाणार नाही. नियम करण्यामागचं कारण रास्त आहे. नाहीतर कंपन्यांनी स्वतःच्या ऑफिसर्स क्लबला समाजसेवा म्हटलं असतं. कायद्यानं बंधनकारक असलेलं कामही त्यात धरत नाहीत, तेही बरोबर. पण याचा अर्थ असा, की १८८६ चा पेन्शन फंड, १८९५ ची अपघात भरपाई, घड्याळांचा समारंभ, इंदोऱ्याची घरं यातलं जवळपास काहीच आज 'सामाजिक जबाबदारी'च्या खात्यात लिहिता येणार नाही. कंपनीचा समाज गेटबाहेर सुरू होतो, असं आता नियमच सांगतो. आणि गेटच्या आत कंत्राटदारामार्फत आलेला माणूस? तो कर्मचाऱ्यांच्या यादीत अर्धा असतो आणि समाजात कधी दिसलाच तर बॅनरखाली.

अगदीच हरवला असंही नाही. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या सांगण्यावरून एक वेगळा अहवाल द्यावा लागतो, बीआरएसआर. त्यात नऊ तत्त्वं आहेत. तिसऱ्या तत्त्वाखाली तक्ता भरायचा: किती टक्के कर्मचाऱ्यांना आणि कामगारांना पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय मिळतं, कायम किती, बिगरकायम किती, अपघात किती, मृत्यू किती. हे वाचणारा मुख्यतः गुंतवणूकदार. त्याला 'स्टेकहोल्डर' म्हणायचं की 'भागधारक', यावर आमचा एका क्लायंटशी आठवडाभर वाद चालला होता. त्यांच्या मागच्या वर्षीच्या मराठी अहवालात कामगार, गावकरी, सरकार सगळेच 'भागधारक' झाले होते. शेवटी 'हितसंबंधी' ठरलं.

सातवं तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याबद्दल आहे. कंपनी कोणकोणत्या उद्योगसंघटनांची सदस्य आहे हे तिथे लिहावंच लागतं. १८७५ ची मिलओनर्स असोसिएशन आज असती तर या रकान्यात आली असती असं मी लिहिणार होते, पण ती अजून आहे. त्याखाली आणखी एक तक्ता असतो: कोणत्या सरकारी धोरणाबाबत कंपनीनं काय भूमिका मांडली, कोणत्या मार्गानं, आणि ती लोकांसाठी खुली आहे का. हा भरणं ऐच्छिक आहे. माझ्याकडे आलेल्या अहवालांत इथे भाषांतराचं काम सहसा नसतं. एक आडवी रेघ असते, ती मराठीतही तशीच ठेवायची.